सही कोणाची? वास्तुविशारदांच्या परिषदा आणि व्यवसायाचं भवितव्य

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, परिषदेवर कसलं परीक्षण करायचं? परीक्षण पुस्तकाचं होतं, नाटकाचं होतं, फार तर इमारतीचं होतं. मला वाटतं परिषद हाही एक प्रयोगच असतो. त्याला मंच असतो, प्रकाशयोजना असते, कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे ठरलेलं असतं. कोणाला बोलवायचंच नाही, हेही ठरलेलं असतं. मग त्याचं परीक्षण का करू नये?

गेली काही वर्षं मी आर्किटेक्ट मंडळींच्या बऱ्याच परिषदांना बसलो आहे. शहरं बदलतात, हॉटेलं बदलतात, प्रयोग साधारण तोच असतो. दारात गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि एक पिशवी मिळते. पिशवीत टाइल्सचा कॅटलॉग, प्लायवुडचा तुकडा आणि पेन. बाहेरच्या दालनात नळ, काच, वायर, लिफ्ट यांचे स्टॉल. आत पडद्यावर मोठ्या अक्षरांत विषय: 'भविष्य'. भविष्याशिवाय दुसरा विषय असलेली परिषद मला अलीकडे आठवत नाही. (हशा) मग एक परदेशी पाहुणे शेकडो स्लाइड्स दाखवतात. मग आपले नावाजलेले आर्किटेक्ट चार घरं दाखवतात, त्यातली दोन अलिबागकडची असतात आणि चारही घरांत माणूस दिसत नाही. जेवणानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चर्चा आणि संध्याकाळी पारितोषिकं.

यात काहीच चांगलं नसतं असं मी म्हणणार नाही. लातूर-सांगलीकडून रात्रीच्या गाडीने आलेली मुलं-मुली मागच्या रांगांत बसून वही भरतात. ज्यांची नावं फक्त ऐकलेली असतात ती माणसं त्यांना दोन हातांवर दिसतात. आणि अशा भेटीतून खरंच काही घडू शकतं. १९५१ साली इंग्लंडमधल्या हॉडस्डन गावी आधुनिक वास्तुकलेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. पुण्यात जन्मलेला, जे. जे.त शिकलेला २३ वर्षांचा एक तरुण तिथे निरीक्षक म्हणून जाऊन बसला. चंदीगडचं काम ल कोर्बुझिए यांच्याकडे आलंय हे तिथे कळल्यावर त्याने त्यांच्याकडे काम मागितलं आणि तो पॅरिसला गेला. सुरुवातीचे आठ महिने बिनपगारी राबला. हे बाळकृष्ण दोशी. पुढे २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा परिषदेला गेल्याने काय मिळतं, असं तुच्छतेने विचारू नये.

पण हॉडस्डनची परिषद ज्या मालिकेतली, ती मालिका नीट बघण्यासारखी आहे. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सियाम' म्हणत. सुरुवात १९२८ साली स्वित्झर्लंडमध्ये. १९३३ सालची तिची चौथी परिषद मार्सेहून अथेन्सला निघालेल्या 'पात्रिस' नावाच्या जहाजावर भरली. तिथे लोकांनी आपापल्या इमारती दाखवल्या नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी तीसहून जास्त शहरांचे नकाशे एकाच प्रमाणात, एकाच खुणांच्या भाषेत काढून आणले होते. भिंतीवर लावले की शहराशेजारी शहर ताडून बघता येई. त्यातून पुढे 'अथेन्सची सनद' आली. राहणं, काम, विरंगुळा आणि वाहतूक असे शहराचे चार कप्पे पाडणारी ही सनद कोर्बुझिए यांनी १९४३ साली छापली. त्या सनदेने जगभरच्या शहरांचं नुकसानही पुष्कळ केलं. गल्लीतलं दुकान, दुकानावरचं घर, घरासमोरचा कट्टा हे सगळं त्या कप्प्यांत बसत नव्हतं.

मात्र त्यांनी एक ठाम विधान केलं होतं, म्हणून ते खोडून काढता आलं. १९५३ साली दक्षिण फ्रान्समध्ये एक्सच्या परिषदेत तरुणांनी ते खोडायला घेतलं. अल्जियर्सच्या गटाने तिथल्या एका झोपडवस्तीचा अभ्यास भिंतीवर लावला. इंग्लंडच्या स्मिथसन दांपत्याने लंडनच्या गल्लीत खेळणाऱ्या पोरांचे फोटो लावले. म्हाताऱ्यांना राग आला, भांडणं झाली, आणि १९५९ साली ही मालिकाच बंद पडली. माझ्या मते, हे परिषदेचं यशच होतं. एखादी परिषद कशी झाली हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो: ज्यावर घरी जाताना भांडता येईल असं एक तरी विधान तिने केलं का? आपल्या परिषदांतून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल, जेवण चांगलं होतं. (हशा)

आता मुद्द्यावर येतो. व्यवसायाचं भवितव्य म्हणून मंचावर काय मांडतात? यंत्र चित्र काढेल का? यंत्राने काढलेली दोन-चार चित्रं दाखवतात, सभागृहात 'वा' आणि 'अरेरे' एकदमच उमटतं, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, मानवी स्पर्शाला पर्याय नाही. टाळ्या.

हा प्रश्न उशिरा आलाय आणि चुकीच्या दारातून आलाय. महापालिकेत नकाशा दाखल करणाऱ्याला विचारा. तिथे तुमची रेखाटनं संगणकप्रणाली तपासते. समासातलं अंतर, जिन्याची रुंदी, चटईक्षेत्र, सगळं ती मोजते आणि चूक लाल रंगात दाखवते. मुंबईत बांधकामाच्या पहिल्या परवानगीला वर्षानुवर्षं 'आयओडी' म्हणत आलेत. त्याचा शब्दशः अर्थ 'नामंजुरीची सूचना'. (हशा) म्हणजे अमुक अटी पुऱ्या करेपर्यंत नामंजूर. त्या अटींची यादी घेऊन खात्याखात्यांतून फिरणं आणि दहिसर-मुलुंडच्या सोसायटीच्या सभेत सभासदांना कार्पेट एरिया समजावून सांगणं, यातच कितीतरी आर्किटेक्टचा दिवस जातो. पुनर्विकास हा आज आपल्या शहरांतला सगळ्यात मोठा बांधकाम-विषय आहे. परिषदेच्या मंचावर मात्र त्याला जागा नसते. तो दिसायला चांगला नसतो ना!

आणि कायदा काय म्हणतो? १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्याने वास्तुकला परिषद, म्हणजे कौन्सिल, नेमली आणि नोंदणी आली. आपण धरून चाललो की इमारतीची रचना करणं हे आपल्यासाठी राखीव काम आहे. नोएडातल्या एका पदाच्या वादातून तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की त्या कायद्याचं कलम ३७ फक्त 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतं. नोंदणी नसलेल्याने त्या स्वरूपाचं काम करायला ते मनाई करत नाही. या निर्णयाचा अर्थ काय, यावर किती परिषदांत दिवसभराचं सत्र झालं? मी बसलो त्यांपैकी एकाही नाही.

थोडं थांबून याचा हिशेब करू. काढण्याचं काम यंत्र करायला लागलंय. तपासण्याचं काम यंत्र आधीच करतंय. आणि ते काम कायद्याने आपल्यापुरतं राखलेलंही नाही. मग उरलं काय? उरली ती उपाधी, आणि त्या उपाधीखाली केलेली सही. 'या घरात माणूस नीट जगेल, याला मी जबाबदार आहे' असं सांगणारी सही. ती सही काय सांगते आणि कोणाच्या बाजूने उभी राहते, हाच आपल्या व्यवसायाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

हे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण देतो. मुंबईत रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांमुळे उठवलेल्या कुटुंबांसाठी गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात वसाहती बांधल्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ही नावं तुमच्या कानावर असतील. शेजारशेजारच्या इमारतींत काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी या वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ साली पुढे आला. ऊन आणि हवा कमी मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवरच्या घरांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त, असं त्यातून दिसलं.

बरं, या इमारती बेकायदा होत्या का? नव्हत्या. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या होत्या. नकाशे रीतसर मंजूर झाले. म्हणजे प्रत्येक नकाशावर कोणा ना कोणा तंत्रज्ञाची सही आहे. मला त्या सह्या करणाऱ्यांना धरायचं नाही. त्यांनी नियम पाळला असेल. माझा रोख आपल्या सगळ्यांच्या मौनावर आहे. डॉक्टर, अभियंते आणि वस्तीतले रहिवासी मिळून एक गोष्ट सिद्ध करतात, की खिडकीसमोर किती जागा सोडली यावर फुप्फुसांचं आरोग्य अवलंबून असतं. वास्तुकलेच्या महत्त्वाचा याहून मोठा पुरावा कुठला हवा? एरवी आपणच ओरडतो ना, की समाजाला आर्किटेक्टची किंमत नाही! तो पुरावा दुसऱ्यांनी आपल्या हातात ठेवला, आणि आपल्या मंचावर त्या दिवशी काचेच्या नव्या दर्शनी भिंतीचं सादरीकरण चालू असतं. पुढच्या सत्राचा विषय उष्णतेची लाट आणि प्रायोजक काच-कंपनी, असंही मी पाहिलंय.

समाज आपल्या बाजूने नसला की काय होतं, तेही बघा. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स, राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकी, १९७२ सालचं. देशोदेशींच्या आर्किटेक्टनी, संग्रहालयांनी पत्रं लिहिली. एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडलं. दिल्लीच्या सामान्य माणसाला त्यात आपलं काही गेलं असं वाटलं नाही. वाटायला हवं असेल, तर आधी त्याच्या घरातल्या उजेडाबद्दल आपण कधीतरी बोललेलो असायला हवं.

आणखी एक गोष्ट मंचावर येत नाही: पैसे. पाच वर्षांचं शिक्षण, महागडा लॅपटॉप, त्यावर शैक्षणिक कर्ज, आणि पहिल्या नोकरीत रात्री दहापर्यंत बसून घरभाड्यालाही न पुरणारा पगार. का? तर फीसाठी आर्किटेक्टच एकमेकांचे दर पाडतात. कौन्सिलने शुल्काचं प्रमाण घालून दिलंय, ते कागदावर राहतं. बिल्डरने ठरवलेल्या फीत काम घेणारा आर्किटेक्ट खिडकीसमोरची जागा वाढवा असं त्याच बिल्डरला किती जोराने सांगणार? सहीची ताकद आणि फी हे दोन विषय नाहीत, एकच आहे.

हे सगळं अशक्य आहे असं मात्र नाही. १९१७ साली जे. जे.च्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत संघटना उभी केली, तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. शंभरावर वर्षांचा तो वारसा आहे. १९६४-६५मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी कोणी काम दिलेलं नसताना खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. पुढे शहर झालं ते त्यांच्या मनासारखं झालं का, हा वेगळा वाद. पण व्यवसायाने शहराबद्दल विधान केलं. २०१६ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी भारतातल्या वास्तुकलेच्या स्थितीवर प्रदर्शन भरवलं. त्यात खुद्द व्यवसायालाच प्रश्न विचारला होता. तेव्हा हे आपल्याला जमतं.

म्हणून परिषद भरवणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक: प्रत्येक परिषदेत दहा वर्षं वापरात असलेली एक इमारत मांडा. आर्किटेक्टसोबत तिथे राहणाऱ्याला बोलवा, आणि त्याला मराठीत बोलू द्या. गळती कुठे होते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. दोन: सियामसारखं एक सामाईक काम घ्या. महाराष्ट्रातल्या दहा शहरांतल्या पुनर्वसन इमारतींचे छेद एकाच प्रमाणात काढून भिंतीवर लावा. दोन इमारतींमधलं अंतर डोळ्यांना दिसू द्या. तीन: कार्यालयं तरुणांना काय पगार देतात ते बोर्डावर लिहा. नाव नको, आकडा पुरे. या तिन्हींना प्रायोजक मिळणार नाही, हे मला माहीत आहे. चहा आपण आपल्या पैशाने पिऊ.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नांतून

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, मी चौथ्या वर्षाला आहे. यंत्रच सगळं करणार असेल तर मी पुढे काय शिकू?

उत्तर: यंत्र वापरायला शीक, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यासोबत एक छेद हाताने काढायला शीक. त्यात सकाळी नऊचं ऊन कुठपर्यंत येतं ते दाखव. मग त्या घरात जाऊन उभी राहा आणि तुझी रेघ बरोबर होती का ते बघ. ज्या दिवशी 'इथे ऊन येत नाही, मी सही करणार नाही' असं तू समोरच्याला कारणासकट सांगू शकशील, त्या दिवशी तू आर्किटेक्ट झालीस. आणि हे एकटीने सांगणं अवघड आहे, म्हणून संघटना लागते, म्हणून परिषद लागते. तेवढ्यासाठी पुढच्या परिषदेला जरूर जा. मागे बसू नकोस, पुढे बस आणि हात वर कर.