मृत्युपत्र, सातबारा आणि रहस्यकथा

मराठी रहस्यकथेची चर्चा बहुधा नायकांपाशी थांबते: बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड, धनंजय. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये बहरलेली रहस्यकथा मात्र मला नायकापेक्षा मृत्युपत्राच्या कागदावर उभी दिसते. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीत, ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’मध्ये (१९२०), मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला बागेतल्या माळ्यांना बोलावले जाते आणि खोलीत राहिलेली माती पॉयरोला वाट दाखवते.

हे यंत्र आपल्याकडे जसेच्या तसे का चालत नाही, याचे उत्तर बारामती-इंदापूरच्या जमिनीत आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, तशी इथल्या एकराला किंमत आली आणि बांधाबांधावर तंटेही आले. पण मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हिस्सा जन्मापासून असतो. १९५६ च्या कायद्याने बापाला स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. मुलाचा हिस्सा त्यातून काढून घेता येत नाही. ‘उद्या वकिलाला बोलावतो’ या धमकीने इंग्रजी कादंबरीत खून पडतो. इथे त्या धमकीची धारच बोथट होते. म्हणूनच बंगला, श्रीमंत काका आणि वकील एवढेच उचलून आणलेली कथा मला भाड्याच्या घरासारखी वाटते.

परंतु डोरोथी सेयर्सच्या ‘अननॅचरल डेथ’मधून (१९२७) वेगळी वाट निघते. तिथे खुनामागे वारसाहक्काचा नवा कायदा आहे. १ जानेवारी १९२६ नंतर बहिणीची नात वारस ठरेल की नाही, हीच शंका. म्हणून आजारी म्हातारीने त्या तारखेआधी मरायला हवे.

अशी तारीख आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या दुरुस्तीने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद पुसला. मधल्या ११ वर्षांत सणसरच्या किंवा माळेगावच्या एखाद्या घरात लेकीच्या लग्नाची तारीख हाच कळीचा पुरावा ठरू शकला असता. जुनी लग्नपत्रिका, मंडपवाल्याची वही, तलाठ्याकडचा फेरफार आणि सगळ्यांच्या सोयरिकी तोंडपाठ असलेली आत्या: मिस मार्पलला याहून अधिक काय लागते?

या कथेत रक्त सांडलेच पाहिजे असे नाही. हक्कसोडपत्रावरची बहिणीची सही खुशीची की दबावाची, हे रहस्य पुरेसे आहे. इंग्रजी कादंबरी ज्याला लाभ झाला त्याच्यावर संशय घेते. आपली कादंबरी सातबाऱ्यावरून जिचे नाव गळले तिचा शोध घेईल. शेवट मात्र तसा निवांत होणार नाही. तिथे गुन्हेगार सापडला की गाव पूर्ववत होते. इथे सत्य बाहेर आले की बहिणीला जमीन मिळते आणि माहेर तुटते. हा शेवट लिहिण्याचे धाडस करणाऱ्या मराठी रहस्यकथेची मला प्रतीक्षा आहे.