क्रिस्तपुराण : साधर्म्य आणि ऋण

एका ग्रंथाचा अर्थ दुसऱ्या ग्रंथाच्या साहाय्यानें लावणें ही रीति संस्कृत शिकलेल्यांस नवी नाहीं. ख्रिस्ती धर्मग्रंथही असाच वाचला जातो. मोशेनें अरण्यांत उंच केलेला सर्प योहानाच्या शुभवर्तमानांत क्रुसाची पूर्वखूण ठरतो. योनानें माशाच्या पोटांत काढलेले तीन दिवस मत्तयाच्या शुभवर्तमानांत पुनरुत्थानाचें चिन्ह होतात. परंतु हाच धर्मग्रंथ मराठी ओवींत उतरला म्हणजे त्यास दुसरेंही गोत्र लाभतें. फादर टॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण हें त्याचें ठळक उदाहरण होय. त्याविषयीं लिहितांना साधर्म्य दिसलें कीं ऋण सिद्ध झालें, असें मानण्याकडे आपला कल असतो. तो कितपत योग्य आहे हें येथें पाहावयाचें आहे.

स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. ते इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले आणि १६१९ मध्यें वारले. त्यांचें पुराण १६१६ मध्यें साष्टींतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर असून ओव्या सुमारें ११,००० आहेत. पहिल्यांत सृष्टीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. म्हणजे जुना करार नव्याची पूर्वखूण, ही ख्रिस्ती वाचनपद्धति ग्रंथाच्या बांधणींतच आहे. आरंभीं एक श्रोता पाद्रीस विचारतो कीं, जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं? या प्रश्नांतील दुःख समीक्षकानें विसरूं नये. ज्यांच्या घरांतील पोथीवाचन थांबलें, त्यांच्याच कानांस परिचित अशा चालीवर नवी कथा सांगावयाची होती.

आतां साधर्म्याचें एक प्रसिद्ध स्थळ घेऊं. स्टीफन्स मराठी भाषेचें स्तवन करितात : फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, वृक्षांत कल्पतरु, तशी भाषांत मराठी. मराठीच्या अभिमानाचा पुरावा म्हणून या ओव्या वारंवार पुढें केल्या जातात. परंतु त्यांचा सांचा कोठून आला? गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवान् आपल्या विभूति सांगतात, तेथें वृक्षांत अश्वत्थ आणि नद्यांत जाह्नवी अशी मालिका आहे. ख्रिस्ती बाजूसही एक आधार आहे. गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायांत प्रिया कांट्यांतील कमळासारखी आणि प्रियकर रानांतील वृक्षांत सफरचंदाच्या झाडासारखा म्हटला आहे. मग ऋण कोणाचें?

माझ्या मतें निर्णय शब्दसाम्यावर न करितां रचनेवर करावा. गीतरत्नांत दोनच तुलना आहेत आणि त्या दोन व्यक्तींच्या आहेत. प्रत्येक वर्गांतील श्रेष्ठ निवडून लांब मालिका गुंफणें ही चाल गीतेची आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीमुळें ती मराठी श्रोत्यांच्या अंगवळणीं पडली होती. म्हणून स्टीफन्स यांच्या हातीं मूळ गीता होती असें मानण्याचें कारण नाहीं. महत्त्वाचा आहे तो यापुढील फरक. गीतेंत ही मालिका ईश्वराविषयीं आहे : श्रेष्ठ वस्तु ही त्याचीच विभूति. स्टीफन्स यांनीं तोच सांचा ईश्वराकडून काढून भाषेवर ठेविला आहे. वृक्षांतील श्रेष्ठ वृक्ष तो देव, असें म्हणणें ख्रिस्ती सिद्धांतास चालत नाहीं. सर्व भाषांत मराठी श्रेष्ठ, असें म्हणण्यास कांहींच बाध येत नाहीं. घाट घेतला, सिद्धांत टाळला. हें केवळ अनुकरण नव्हे, विवेक आहे.

वैकुंठ शब्दाचीही हीच गोष्ट. रोमन पाठांतही स्वर्गाकरितां हा शब्द येतो. तेवढ्यावरून स्टीफन्स यांनीं वैष्णव मत स्वीकारलें असें म्हणणें, किंवा हा निव्वळ भुलविण्याचा डाव होता असें म्हणणें, दोन्हीं उतावीळपणाचें. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो. एकनाथी भागवतांत (१५७३) वैकुंठाच्या शेजारीं विष्णु आहे. येथें सृष्टि, पतन आणि तारण आहे. तरीही श्रोत्याच्या मनांतील जुना अर्थ पुसला गेला नसणार. याच दुहेरीपणांत या काव्याचें बळ आणि त्याची अडचण दोन्ही आहेत.

या विचारास हस्तलिखितांची एक अट मात्र आहे. सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें जी रोमन आवृत्ति काढली, तींत धर्मविषयक संज्ञा पुष्कळदां पोर्तुगीज आहेत. लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील देवनागरी प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात. जस्टिन अ‍ॅबट यांनीं देवनागरी पाठ मूळ मानला. इतरांस तो मागाहून केलेला संस्कार वाटतो. एकाद्या संस्कृत शब्दावर प्रभावाची इमारत उभारणारानें आपण कोणता पाठ वाचला हें आधीं सांगितलेंच पाहिजे. ज्ञानेश्वरीचे पाठ शोधून शुद्ध करणाऱ्या एकनाथांनीं (१५८४) हा धडा आपणांस पूर्वींच घालून दिला आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मार्सडेन-संग्रहांतील त्या प्रतीवर आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें असल्यामुळें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत ती कोणी ओळखली नाहीं. आमचें कनेरगाव नाका हें पूर्वींचा निजामी मुलूख आणि वऱ्हाड यांच्या जुन्या शिवेवरील गांव. येथून जवळच जैनांचें शिरपूर. या बाजूस आदिपुराण म्हटलें कीं नवव्या शतकांतील जिनसेनाचार्यांचा ग्रंथ आठवावा हें स्वाभाविक. मीही बस्त्यावरील नांव वाचून पोथी खालीं ठेविली असती. म्हणून ज्यांच्याजवळ नुसत्या नांवावर वर्गवारी केलेल्या पोथ्या असतील, त्यांनीं बस्ता सोडून निदान पहिलें व शेवटचें पान वाचावें, आणि आंतील कथा नांवाशीं जुळते कीं नाहीं हें एकदां पडताळून पाहावें.