षट्कोनी घरांचें आकाश

मासिकाच्या परीक्षणांत सोंगट्यांचा खेळ कोठून आला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या कृतींत योजना आहे, प्रमाणबद्धता आहे, आणि जिच्या रचनेंतील चुकीमुळें एखाद्यावर अन्याय होऊं शकतो, ती कृति टीकेस पात्र आहे.

'ट्वायलाइट इंपीरियम' हा ख्रिश्चन पीटरसन यांचा खेळ १९९७ सालीं अमेरिकेंत प्रथम निघाला; आमच्यासमोर आहे ती २०१७ ची चौथी आवृत्ति. यांतील आकाश आगाऊ छापलेलें नसतें. मध्यें 'मेकॅटोल रेक्स' ही जुन्या साम्राज्याची राजधानी ठेवावयाची, आणि तिच्याभोंवतीं खेळाडूंनीं षट्कोनी तुकडे मांडीत जावयाचें. पहिल्या वलयांत ६, दुसऱ्यांत १२, तिसऱ्यांत १८. मधलें एक धरून ३७. बाहेरच्या वलयाच्या सहा कोपऱ्यांवर सहा खेळाडूंचीं स्वगृहें. कोणत्याहि कोपऱ्यापासून राजधानी बरोबर तीन पावलांवर.

चौकोनी घरांच्या पटावर ही समता साधत नाहीं. बुद्धिबळाच्या पटावर कर्णानें सरकलेलें प्यादें एकच घर चालतें खरें, पण सरळ चालीपेक्षां सुमारें १.४१ पट अंतर तोडतें. षट्कोनाचे साही शेजारी समान अंतरावर असतात. १९६१ सालीं 'गेटिसबर्ग' या युद्धखेळाच्या नव्या आवृत्तींत चौकोन जाऊन षट्कोन आले, ते याच सोयीसाठीं.

परंतु हें आकाश गोल आहे काय? डोळ्यांना तर तो सरळसरळ सहा कोपऱ्यांचा पट दिसतो. गेल्या दिवाळींत पुतण्यांच्या हट्टामुळें मोठ्या कागदावर आम्हीं स्वतः सात वलयांचा पट काढावयास घेतला, तेव्हां या प्रश्नाचें मर्म कळलें. कर्कटकाचें टोंक मधल्या घराच्या मध्यावर ठेवून, सातव्या वलयाच्या कोपऱ्यावरील घराच्या मध्यांतून वर्तुळ फिरविलें, आणि ज्यांचा मध्य वर्तुळांत पडेल तीं घरें राखावयाचीं असें ठरविलें. घरें १६९ यावयास हवीं होतीं, भरलीं १८७. हिशोब दोनदां पडताळला. आठव्या वलयाच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध असलेलीं तीन तीन घरें वर्तुळांत आलीं होतीं; मधलें आंत शिरलें होतें, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे मध्य नेमके वर्तुळावर होते! मौज अशी कीं, सहा वलयांपर्यंत असें होत नाहीं. तोंवर वर्तुळानें निवडलेलीं घरें आणि वलयें मोजून निवडलेलीं घरें तींच असतात. म्हणून ३७ घरांच्या पटाला कोणी गोल म्हटलें, तर त्याला खोटें पाडतां येत नाहीं.

त्या अठरा जादा घरांपैकीं बाजूच्या अगदीं मधलें एक धाकट्याच्या वांट्यास आलें. तो म्हणाला, "काका, दादाला मध्याशीं जायला सात पावलें, मग मलाच आठ कां?" कर्कटकानें मोजल्यास तो दादापेक्षां किंचित् जवळच होता, पण तें त्याला सांगून काय उपयोग? खेळांत चालावयाचें असतें तें पावलांनीं. आम्हीं तीं अठरा घरें खोडून टाकलीं.

तरीहि डोळ्यांस सुख देणारी गोलाई हवीच असेल, तर ३७ पैकीं सहा कोपरे कापावेत. उरलेल्या ३१ घरांचा पट अधिक वाटोळा दिसतो. पण या खेळांत कोपऱ्यांवरच तर लोकांचीं घरें! कातरी लावावी ती नेमकी तेथेंच लावतां येत नाहीं.

खरा दोष निराळाच आहे. सहांच्या समतेवर उभारलेला पट दोन, तीन किंवा सहा जणांना न्याय देतो. पांचांना देत नाहीं. एक कोपरा रिकामा पडला कीं त्याच्या दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना मोकळें रान मिळतें. २०१७ च्या आवृत्तींत कांहीं खेळाडूंस आरंभीं जादा व्यापारी द्रव्य देऊन ही उणीव भरून काढली आहे. रचनेंतील दोषाला पैशानें लेप लावण्याचा हा उपाय आम्हांस पसंत नाहीं. २०२० च्या 'प्रॉफेसी ऑफ किंग्ज' या पुरवणींत रिकाम्या भागांत नुसते मार्ग काढलेले तुकडे घालून दूरचीं घरें एकमेकांचीं शेजारी केलीं आहेत. दिसावयास तें ठिगळ आहे, पण दुरुस्ती जागच्या जागीं झाली आहे.

'एक्लिप्स' या टूको ताहकोकालियो यांच्या २०११ च्या खेळांतहि वलयेंच आहेत. परंतु तेथें आकाश खेळतां खेळतां उलगडतें, आणि दोन तुकडे शेजारीं आले म्हणून त्यांत वाट असतेच असें नाहीं. दोहोंच्या कडांवर अर्धें अर्धें द्वार असेल तरच सरळ जातां येतें. शेवटीं तयार होणारा पट वेडावांकडा असतो, कडा फाटक्या दिसतात. आम्हांला मात्र तोच अधिक आकाशासारखा वाटला.

पीटरसन यांच्या खेळास चार ते आठ तास लागतात. आम्ही पांचच जण बसलों होतों, आणि पुरवणी घरांत नव्हती. रिकाम्या कोपऱ्याशेजारचे दोघे रात्रीं जेवणाचें पान मांडेपर्यंत भांडत होते.