‘झपाटलेला’तील बाहुले

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाची ‘चाइल्ड्स प्ले’चे (१९८८) अनुकरण म्हणून बोळवण करणे सोपे आहे. कथाबीज तेथलेच, हे निर्विवाद; तथापि तेवढ्याने मूल्यमापन संपत नाही. मूळ चित्रपटातील बाहुले हे बालकासाठी विकत घेतलेले खेळणे होय. येथे ते रामदास पाध्ये यांनी घडविलेले बोलके बाहुले असून त्याचा धनी लक्ष्या हा शब्दभ्रमकलेचा हौशी उपासक आहे. या कलेत माणूस निर्जीव बाहुल्याला आपला आवाज उसना देतो. तात्या विंचू त्याचे शरीरच मागतो. कलावंत व साधन यांच्या नात्याची ही उलटापालट हाच येथील भयाचा गाभा होय. बाहुल्याच्या हालचालींतील यांत्रिकपणा तंत्रदृष्ट्या उणा खरा. परंतु बाहुल्यांच्या खेळाचा संकेत ठाऊक असलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो दोष ठरत नाही.