ड्रोन खाली उतरवा

कोल्डप्लेने २०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ अशा तीन रात्री कार्यक्रम केले. पाठोपाठ २६ तारखेचा अहमदाबादचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. तेव्हापासून नवी मुंबईत कुणापाशीही रॉकवरच्या चित्रपटांचा विषय काढा, गाडी त्या प्रक्षेपणावरच येऊन थांबते. लाखावर माणसं, मनगटांवर एकदम रंग बदलणाऱ्या पट्ट्या, आणि वरून दिसणारा तो सगळा झगमगाट. कॉन्सर्ट फिल्म म्हणजे हेच, असं वीस-बावीस वर्षांची मुलंमुली ठामपणे सांगतात. त्यांना हा समज करून देणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो आता लिहून काढल्याशिवाय राहवत नाही.

याच बँडचा, याच दौऱ्यातला ब्यूनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवरचा चित्रपट घ्या. दिग्दर्शक पॉल डगडेल. तीस कॅमेरे, ड्रोन, ३६० अंशांतली दृश्यं अशी त्याची जाहिरात झाली होती, आणि चित्रपटाने जाहिरातीपलीकडे काही दिलं नाही. गाणं जरा कुठे जमू लागतं तोच कॅमेरा आकाशात जातो. डगडेलला काम येत नाही म्हणावं, तर २०१६ मध्ये याच माणसाने रोलिंग स्टोन्सबरोबर लॅटिन अमेरिका फिरून ‘ओले ओले ओले’ केला होता. त्यात अर्जेंटिनातले ‘रोलिंगा’ आहेत. स्टोन्सच्या वेडापायी केस तसे कापणारे, कपडे तसे घालणारे, कष्टकरी वस्त्यांतले चाहते. कॅमेरा त्यांच्यात जाऊन बसतो, त्यांचं ऐकतो. तेव्हा त्याला माणसं दिसली होती. सहा वर्षांनी त्याच देशातली माणसं त्याने ठिपक्यांच्या रांगोळीसारखी वरून टिपली.

माझ्या लेखी या कलेचा कस एकाच गोष्टीत लागतो. वाजवणाऱ्या माणसाकडे कॅमेरा किती वेळ नुसता बघू शकतो? जोनाथन डेमीचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ चाळीस वर्षांनंतरही ताजा का वाटतो, याचं उत्तर इथेच आहे. १९८३ च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात टिपलेले ते प्रयोग. बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा रिकाम्या रंगमंचावर येतो, टेपरेकॉर्डर खाली ठेवतो आणि गिटार वाजवू लागतो. पुढे गाण्यागणिक बाकीचे वादक त्याला येऊन मिळतात. काळ्या कपड्यांतले रंगमंच-कामगार ड्रमचा चौथरा ढकलत आणतात आणि डेमी त्यांना लपवत नाही. प्रेक्षक जवळजवळ शेवटापर्यंत दिसतच नाहीत. टाळ्या वाजवणारे हात दाखवून आपल्याला टाळ्या वाजवायला लावायची त्याला गरज पडत नाही, कारण बँड बांधला जाताना आपण बघत असतो. हा चित्रपट २०२३ मध्ये नव्याने पडद्यावर आला, तेव्हा पहिल्यांदा पाहणाऱ्यांनाही समजावून सांगायची वेळ आली नाही.

प्रेक्षक दाखवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पेनबेकरचा ‘मॉन्टेरी पॉप’ रविशंकरांवर संपतो. पंधरा मिनिटांहून जास्त काळ सतार आणि अल्लारखांचा तबला. सुरुवातीला कितीतरी वेळ कॅमेरा फक्त ऐकणाऱ्यांवर फिरतो. कुणी पेंगतंय, कुणी डोळे मिटून बसलंय, श्रोत्यांत खुद्द जिमी हेंड्रिक्स आहे. वादक दिसतात ते उशिरा. आणि जुगलबंदी चढत जाते तेव्हा त्याच श्रोत्यांचे चेहरे बदललेले असतात. ऐकण्याचं इतकं नेमकं चित्रण रॉकच्या चित्रपटांत दुसरं नाही, आणि ते आपल्या संगीतावर झालंय याचा मला अभिमान वाटतो. ऐकणाऱ्याचा चेहरा मनगटी पट्टीच्या उजेडात हरवला, की मग बघायला उरतं काय?

गेल्या काही वर्षांत मला खरा आनंद दिला तो खोल्यांमध्ये घडणाऱ्या चित्रपटांनी. पीटर जॅक्सनचा बीटल्सवरचा ‘गेट बॅक’ जवळपास आठ तासांचा आहे. लांबलाय अशी तक्रार पुष्कळांनी केली. पण १९६९ च्या जानेवारीतल्या त्या सकाळी लेननचा पत्ता नाही, जॉर्ज जांभई देतोय, रिंगो समोर बसलाय, आणि मॅकार्टनी बासवर एकच ठेका पुन्हा पुन्हा आपटत राहतो. मिनिट-दोन मिनिटांत त्यातून एक चाल वर येते. ते गाणं जगाला पाठ आहे. ते नसतानाचा क्षण आपण पहिल्यांदा पाहतो. आठ तासांपैकी सात जांभयांत गेले असते तरी मी तक्रार केली नसती. कोल्डप्लेवरचा चांगला चित्रपटही असाच आहे: मॅट व्हाइटक्रॉसचा २०१८ चा ‘अ हेड फुल ऑफ ड्रीम्स’. दिग्दर्शक त्यांचा कॉलेजचा मित्र, कॅमेरा वीस वर्षं त्यांच्या आसपास, आणि हॉस्टेलच्या खोलीतली चार पोरं. नेरूळला तीन रात्री गेलेल्यांपैकी किती जणांनी तो पाहिलाय?

आपल्याकडचा या जातीचा सर्वांत मोठा चित्रपट म्हणजे जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’. २०१० मध्ये तो थिएटरांत लागला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तरी रॉकवरच्या चित्रपटांच्या गप्पांत त्याचं नाव मलाच काढावं लागतं. तो ज्या बँडवर आहे ती इंडियन ओशन ही दिल्लीची मंडळी. करोलबागेतल्या खजूर रोडवरचं एक जुनं घर हे त्यांचं तालमीचं ठिकाण. वर्मा गाणी तोडत नाहीत. गाणं सुरू झालं की ते संपेपर्यंत आपण त्या घरात बसायचं. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवता वाजवता गातात, सुस्मित सेन मान खाली घालून गिटारवर झुकलेले, राहुल राम बास घेऊन उसळतोय, अमित किलम सगळ्यांच्या मागे ताल धरून. मग गाण्यांच्या मधल्या जागांत त्या त्या माणसाची हकिगत उलगडते. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, हे कळल्यावर ‘मां रेवा’ ही चाल त्या खोऱ्यातून चालत आल्यासारखी कानावर पडते. पैशांची ओढाताण, भांडणं, वर्षानुवर्षं कंपन्यांच्या दारात घातलेले खेटे, सगळं ते एकमेकांसमोर बोलतात. चित्रपट लागला तेव्हा असीम चक्रवर्तींना जाऊन तीन-चार महिने झाले होते. त्यांच्या गळ्याची शीर आणि तबल्यावरची बोटं एका चौकटीत पाहायची असतील तर आज हाच चित्रपट उघडावा लागतो.

आमच्या बाजूचं म्हणाल, तर आयर्न मेडनच्या ‘फ्लाइट ६६६’ची सुरुवात मुंबईत होते. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियन या जोडीने बँडच्या विमानाबरोबर जग पालथं घातलं. मुंबईला त्यात एक गाणं मिळालं आणि विमान पुढे गेलं. तरी या दोघांना श्रोता म्हणजे काय ते कळतं. बोगोटातल्या कार्यक्रमानंतर एक चाहता हातात आलेली ड्रमची काडी धरून रडतोय, कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही, काही विचारत नाही, बोलत नाही. सगळा चित्रपट त्या अर्ध्या मिनिटासाठी पाहावा. बाकीच्यांबद्दल थोडक्यात: बीटल्स आणि ऋषिकेश यांवरचे चित्रपट आता थांबावेत. टेलर स्विफ्टचा ‘एराज टूर’ हा दुकानाचा कॅटलॉग आहे. ‘बिकमिंग लेड झेपलिन’ गाणी अर्ध्यात तोडत नाही एवढं त्याच्या बाजूने. पण फक्त बँडमधल्यांनाच बोलू द्यायचं, १९७० च्या उंबरठ्यावर थांबायचं आणि पुढच्या अडचणींना हातच घालायचा नाही, याला मी माहितीपट म्हणणार नाही.

आणि मुद्दा इथेच येतो. हे चित्रपट आता बँड स्वतः काढतात, किंवा त्यांच्या परवानगीशिवाय एक दृश्य पुढे सरकत नाही. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘गिम्मी शेल्टर’ही स्टोन्सच्या सहकार्यानेच झाला होता. पण अल्टामॉन्टच्या त्यांच्या कार्यक्रमात गर्दीत एक तरुण भोसकला गेला, तेव्हा त्यांनी ती फिल्म संकलनाच्या टेबलावर मिक जॅगरला दाखवली आणि तो पाहत असताना त्याला टिपलं. यजमानाला उत्तर द्यायला लावण्याची ही धमक आज कुठल्या ड्रोनमध्ये आहे? जानेवारीत आमच्या नेरूळमध्ये काय झालं ते कोणत्या कॅमेऱ्याने पाहिलं? हार्बरच्या गाड्यांना लोंबकळून आलेली पोरं, स्टेडियमबाहेर पाण्याच्या बाटल्या विकणारे, रात्री उशिरा स्टेशनकडे चालत जाणारे घोळके, तिकीट न मिळाल्याने कुंपणापलीकडून ऐकत उभे राहिलेले लोक. अशा चित्रपटांत शहर म्हणून येतो तो स्टेडियमचा वरून दिसणारा गोल.

ज्यांना तिकीट परवडलं नाही त्यांना घरबसल्या पाहायला मिळालं, हे प्रक्षेपणाच्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं आहे आणि मी ते मान्य करतो. पण म्हणूनच त्यांना चांगलं काम मिळायला हवं होतं. ज्याला जागेवर जाता येत नाही त्याला वादकाचा हात जवळून दाखवा, कारण तिकीट काढून गेलेल्याला तो दिसत नाही. जे फक्त कॅमेऱ्यालाच शक्य आहे ते सोडून, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं तेच वरून दाखवायचं, यात घरी बसलेल्याचा अपमान आहे.

मराठी मुलखात संगीतकारावरचा सर्वांत थोर चित्रपट रॉकवरचा नाही, आणि रॉकवाल्यांनी तो पाहिला पाहिजे: आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि पुढच्या काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. त्यापूर्वी पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे गायले होते. आपल्या चित्रपटातला गायक गेला, म्हणून दिग्दर्शक चौदा वर्षं त्या गाण्यांच्या मागे फिरला. कबीर कला मंचाची मुलं गातात तेव्हा कॅमेरा ऐकणाऱ्या बाया-बाप्यांजवळ उभा असतो. तयार चित्रपट भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, ज्यांचा होता त्यांच्यासमोर, आधी दाखवला गेला. वस्ती, गाणं आणि राग यांना वेगळं करता येत नाही, हे रॉकने साठ वर्षं जगाला ओरडून सांगितलं. आमच्याकडे ते सिद्ध करून दाखवलं डफ घेतलेल्या माणसांनी.

म्हणून आमच्या रॉकला त्याच निष्ठेचा चित्रपट हवा, आणि तो करायला विषय कमी नाहीत. धोबी तलावचं रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉकच्या संध्याकाळी कॉलेजच्या पोरांनी गर्दी केली आणि जे शांतता क्षेत्राच्या नियमांनी या शतकाच्या सुरुवातीला मुकं झालं. १९८४ ची रॉक मशीन, जी पुढे इंडस क्रीड झाली. उदय बेनेगल, महेश तिनईकर यांच्या पिढीने इंग्रजी गाण्यांवर आयुष्य पणाला लावलं तेव्हा त्यांच्या घरी काय बोलणं झालं असेल? अभंग गिटारवर घेणारी ‘अभंग रिपोस्ट’ची मंडळी तुकोबांपाशी कशी पोचली? वाशी-खारघरच्या ज्या जॅमरूममध्ये पोरं तासाच्या भाड्याने घाम गाळतात, तिथे सहा महिने कुणी कॅमेरा घेऊन बसेल का? यासाठी तीस कॅमेरे लागत नाहीत. एक लागतो, आणि तो धरणाऱ्याला गाणं संपेपर्यंत थांबता आलं पाहिजे.

पण त्याआधी एक काम तातडीचं आहे. रंगभवनच्या काळातले कार्यक्रम हौसेने चित्रित केलेल्या व्हीएचएस टेप आज पन्नाशी-साठीच्या लोकांच्या कपाटांत असतील. आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते, आणि त्या चालवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. ज्यांना असा चित्रपट करण्यात खरोखर रस आहे, त्यांनी आधी या घरांची दारं ठोठावावीत आणि प्रत्येक टेप डिजिटल करून घ्यावी. मुलाखती नंतर घेता येतील, पैसे नंतर उभे करता येतील. टेप येत्या पावसाळ्याच्या आत उतरवून घ्यायला हव्यात.