आठ कप्प्यांत न मावणारी दाढ

शालेय पुस्तकातील दाढेचा उभा छेद आठवून पाहा. वर पांढरे कवच, त्याखाली दंतिन, मधोमध मऊ गराची म्हणजे पल्पची पोकळी आणि तेथून प्रत्येक मुळात उतरणारी एकेक सरळ नलिका. ही आकृती खोटी नाही. मात्र ती पाहून विद्यार्थ्याचा समज होतो, की सर्वांच्या दाढा आतून अशाच असतात.

खऱ्या दाढा आतून कशा असतात हे शोधणाऱ्यांत अमेरिकेतील फ्रँक व्हर्टुची यांचे काम सर्वांत परिचित आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातील वर्गीकरण दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही शिकतात. वर्गीकरणाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात, म्हणून त्याचे परीक्षण आम्हाला येथे करावेसे वाटले.

व्हर्टुची यांनी २,४०० कायमचे दात घेतले, त्यांतील क्षार काढून टाकले, नलिकांत रंग भरला आणि दात पारदर्शक केले. मग नलिकांचा मार्ग नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. त्यांनी या मार्गांचे आठ प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात एकच नलिका टोकापर्यंत जाते. दुसऱ्यात दोन नलिका निघून पुढे एक होतात. चौथ्यात दोन्ही शेवटपर्यंत वेगळ्या राहतात आणि आठव्यात तीन नलिका असतात. या क्रमांकांमुळे दूरदूरच्या दंतवैद्यांना एक समान भाषा मिळाली, हे या कामाचे मोठे यश आहे. नलिका नजरेतून सुटली, तर तिच्यात जंतू राहून उपचार फसू शकतो आणि शेवटी दाढ गमवावी लागते. त्यामुळे या भाषेची गरज खरीच होती.

आता आक्षेपांकडे वळू. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात. त्यांपैकी गालाकडच्या पुढच्या मुळात व्हर्टुची यांना ४५ टक्के दाढांत पहिला, ३७ टक्के दाढांत दुसरा आणि १८ टक्के दाढांत चौथा प्रकार आढळला. मग या मुळात दोन नलिका किती वेळा असतात? वरच्या बाजूला मोजले तर ५५ टक्के, टोकाशी मोजले तर अवघे १८ टक्के! दात तेच, पण उत्तरे दोन. कोठे मोजले हे न सांगता दिलेली टक्केवारी अपुरी असते.

मोजण्याच्या साधनानेही आकडा बदलतो. जॉन स्ट्रॉपको या दंतवैद्याने १९९९ साली आपल्या रुग्णांच्या नोंदी मांडल्या. वरच्या पहिल्या दाढेतील ही दुसरी नलिका त्यांना एकूण सुमारे ७३ टक्के वेळा सापडली होती. अनुभव वाढला, पुरेसा वेळ दिला आणि सूक्ष्मदर्शक नित्य वापरला, तेव्हा हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. या काळात माणसांच्या दाढा काही बदलल्या नव्हत्या.

दुसरा आक्षेप कप्प्यांच्या संख्येवर आहे. २००४ साली तुर्कस्तानातील सर्ट आणि बायिर्ली यांनी २,८०० दात तपासून आणखी चौदा प्रकार नोंदवले. अशी भर पडतच राहिली, तर यादी लांबते आणि तिची सोय संपते.

तिसरा आक्षेप आम्हाला अधिक मूलभूत वाटतो. प्रकाराच्या क्रमांकावरून दाढेला मुळे किती, हे कळतच नाही. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, पण काहींना तिसरेही असते. युरोपीय लोकांत ते क्वचित आढळते, पूर्व आशियात बरेच अधिक. खालच्या दुसऱ्या दाढेची मुळे कधी एकमेकांना जुळलेली असतात आणि आडव्या छेदात नलिका चंद्रकोरीसारखी दिसते. ती एक म्हणायची की दोन? येथे प्रश्नच गैरलागू ठरतो. २०१७ साली अहमद आणि सहकाऱ्यांनी मुळांची संख्या व नलिकेचा मार्ग दोन्ही सांगणारी नवी सांकेतिक पद्धत सुचवली, ती याच अडचणीतून.

मग व्हर्टुची चुकले का? आमच्या मते नाही. त्यांनी जे पाहिले ते नीट नोंदवले. चूक होते ती त्यांचे कप्पे निसर्गानेच आखले आहेत असे मानणाऱ्यांची. जीवशास्त्रात विविधता हा अपवाद नसतो, ती नेहमीचीच स्थिती असते. कप्पे आपण आपल्या सोयीसाठी करतो.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. दाढेची आकृती फळ्यावर काढल्यावर तिच्या शेजारी एकाच मुळाच्या आणखी तीन आकृत्या काढा: एक नलिका, दोन होऊन एक झालेल्या, शेवटपर्यंत दोन. मग वरचे ५५ आणि १८ हे आकडे देऊन विचारा, यांतला खरा कोणता? विद्यार्थ्यांना थोडा वेळ भांडू द्या. ‘आधी कोठे मोजले ते सांगा’ असे एखादा म्हणाला, की तास सत्कारणी लागला असे समजावे.