'तलेदंड' नाटकातील पूर्वग्रहाचे दर्शन

गिरीश कार्नाड यांचे 'तलेदंड' हे कन्नड नाटक १९९० साली प्रसिद्ध झाले व १९९४ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथानक बाराव्या शतकातील कल्याणचे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचे. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत सेवा करणाऱ्या आमच्या पाळकांनी व उपदेशकांनी ते अवश्य वाचावे. त्यातील प्रश्न आपल्याच मंडळ्यांत ठाण मांडून बसलेला आहे.

कथा या प्रदेशात सर्वांस ठाऊक आहे. बसवेश्वरांच्या शरणांनी जात टाकली, श्रमास 'कायक' म्हणून पूजेचे स्थान दिले, एकत्र भोजन केले. पुढे ब्राह्मण कुळातून आलेल्या मधुवरसाची कन्या व चांभार हरळय्याचा पुत्र यांचा विवाह झाला. दोन्ही पित्यांना क्रूरपणे ठार करण्यात आले, राजा बिज्जळाचा वध झाला आणि शरण पांगले.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे प्रतिपादन केले की, समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य व सत्तेचा पाठिंबा असेल तर सहवासाने गटागटांतील पूर्वग्रह ओसरतात. कल्याणात यांपैकी बरेच काही जमून आले होते. बसवेश्वर स्वतः राजाचे भांडारी होते. तरीही विवाहाचा विषय निघताच नाटकातील बसवण्णा प्रथम कचरतात. मधुवरसाची पत्नी शरणच आहे. तिला मात्र आपली मुलगी कातड्याच्या घरात कशी नांदेल, याचीच चिंता. आमच्या मते संपूर्ण नाटकात याहून खरे स्थळ नाही. ही बाई दुष्ट नाही, ढोंगीही नाही. तिची श्रद्धा बदलली, नाक बदलले नाही. सजातीय विवाह हेच जातीचे मूळ लक्षण होय, असे डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात दाखविले होते, ते येथे आठवते.

शास्त्राभ्यासकास येथे अंत्युखियातील पेत्रही आठवेल. योप्पात तो चांभार शिमोनाच्या घरी राहिला, कर्नेल्याच्या घरी त्याने परराष्ट्रीयांचा स्वीकार केला. तोच पेत्र याकोबाकडील माणसे येताच पंक्तीतून मागे सरला. मत तेच होते. धाक आपल्या माणसांचा होता. पूर्वग्रहास निव्वळ अज्ञान समजून प्रवचनाने तो घालवू पाहणाऱ्यांनी (आम्हीही त्याच पेशातले) हा धाक जमेस धरला पाहिजे. मेथॉडिस्ट मिशनच्या कार्यातून या भागात उभ्या राहिलेल्या मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे दलित समाजांतून आली. वेशीबाहेरचे जिणे त्यांच्या पूर्वजांनी भोगले. प्रभुभोजनाचा प्याला आज सर्वांना एकच आहे. पण सोयरीक जुळविताना होलेय की मादिग ही चौकशी हलक्या आवाजात होतेच, आणि पाळकास ती ऐकू येत नाही असे मानण्याचा प्रघात आहे.

नाटकाची उणीवही सांगितली पाहिजे. उत्तरार्ध राजवाड्यातील कारस्थानांनी व्यापला आहे. जन्माने न्हावी असलेला बिज्जळ सिंहासनावर बसूनही ते विसरू शकत नाही, हे चित्र प्रभावी आहे खरे. पण ज्यांच्या संसारावरून नगर पेटले, त्या वधूवरांच्या वाट्यास फार थोडे येते. चांभाराच्या घरात त्या मुलीचा पहिला दिवस कसा गेला असेल, सासूने तिला कोणते काम सांगितले असेल, हे आम्हांस पाहावयाचे होते. कार्नाड तेथवर गेले नाहीत.